मामाच्या ओट्याखालचा प्लाय

चिपळूणला मामाकडे ओट्याखाली चार कपाटं होती. २०१९च्या दिवाळीआधी करून घेतलेली, आतून पांढरा आणि बाहेरून सागवानी रंगाचा सनमायका लावलेली. ती करायच्या वेळी मामाचा मुद्दाम फोन आला होता. "तुझा लेख वाचला गं. त्यात लिहिलंयस तोच मरीन प्लाय आणलाय, ७१० वाला." मला केवढा आनंद झाला! त्या दिवसांत मी एका वेबसाइटसाठी घरबांधणी, फर्निचर, रंगकाम असल्या विषयांवर मराठीत लेख लिहायचे. माझं लिहिलेलं वाचून कुणी दुकानात जातं आणि पैसे मोजतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

लेखातलं वाक्य मला आजही पाठ आहे. "मरीन प्लाय शंभर टक्के वॉटरप्रूफ असतो, तो पाण्यात बुडाला तरी त्याला काहीही होत नाही."

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. २००५च्या २६ जुलैचा पूर मामाने पाहिलेला होता, त्यामुळे पहाटे पाणी रस्त्यावर दिसताच त्याने आणि मामीने धान्याचे डबे, कागदपत्रं, देव, असं हाताला लागेल ते माळ्यावर चढवलं आणि दोघं शेजारच्यांच्या गच्चीवर गेले. घरात पाणी छातीच्या वर चढलं होतं. ते उतरल्यावर मागे राहिला तो चिखल, ज्यांनी तो उपसलाय त्यांनाच त्याचं वजन माहीत. मी पुण्याहून पोचले तेव्हा ऑगस्ट लागला होता. चिखल निघाला होता, भिंतींवर पाण्याची रेघ तेवढी राहिली होती, आणि गल्लीत दोन्ही बाजूंना लोकांनी घरातलं सामान काढून ठेवलं होतं. पार्टिकल बोर्डाच्या टेबलांचा नुसता लगदा झालेला होता, हात लावला की भुसा हातात यायचा.

मामाची कपाटं मात्र जागच्या जागी होती. पुसलेली, बंद. मामी सांगत होती, "ओट्याखालचं काही बघितलंच नाही आम्ही. बाहेरून पुसलं आणि मदतीत आलेले तांदूळ, डाळी त्यातच ठेवल्या. तूच लिहिलं होतंस ना, पाण्याने काही होत नाही म्हणून."

मी पल्ला उघडला तेव्हा आतून कुबट वास आला. पांढऱ्या सनमायक्याच्या सांध्यातून काळी बुरशी वर आली होती, आणि पिशवीतले खालचे तांदूळ गोळा होऊन पिवळे पडले होते. खालची फळी कडेला इतकी फुगली होती की पल्ला परत लावताना अडकला. समोरच्या घरात साध्या बीडब्ल्यूआर प्लायची, म्हणजे मरीनच्या खालच्या प्रकारची कपाटं होती, मामाच्या प्लायपेक्षा स्वस्त. त्यांनी पाणी उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवून पल्ले काढले, फळ्या उभ्या केल्या, वीज आल्यावर पंखे लावले आणि आठवडाभर वाळवलं. त्यांची बरीचशी वाचली. त्यांनी माझा लेख वाचला नव्हता.

मामा मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सुतारकाका आले. साठीच्या पुढचे, मामाच्या घराचे दरवाजेसुद्धा त्यांनीच केलेले. गल्लीत त्यांना त्या महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांनी खालची फळी काढली, अंगणात नेऊन दगडावर टेकवली आणि बोटाच्या पेराने ठोकत गेले. एका जागी टणक आवाज यायचा, वीतभर पुढे पोकळ. पोकळ आवाजाच्या जागी त्यांनी कडेला पटाशी लावली आणि हातोडीचा एक हलका ठोका दिला. थर उचलला गेला, पण डिंकावर सुटला नाही. लाकूडच फाटलं, तंतू तंतू होऊन, आणि डिंकाची तपकिरी रेघ होती तिथेच घट्ट बसून राहिली.

"बघ बाय, डिंक सुटला नाही. माल खोटा नव्हता तुझ्या मामाचा," ते म्हणाले. मग त्यांनी मधल्या थराकडे बोट केलं. दोन पट्ट्यांच्या मध्ये करंगळीएवढी फट होती आणि तिच्यात वाशिष्ठीचा चिखल एका सरळ रेषेत भरून वाळला होता, पेन्सिलीतल्या शिशासारखा. "पाणी वरून नाही गेलं. कडेने गेलं. खालच्या कडेला रंगाचा हात नाही, पट्टी नाही. ही माझीच चूक. दिवाळीची घाई होती, आणि मामा म्हणाले, काका, हा प्लाय पाण्याला ऐकतच नाही, कडेचा खर्च कशाला?"

हे मामाला मी सांगितलं होतं.

पुण्याला परत आल्यावर मी मरीन प्लाय म्हणजे काय ते पहिल्यांदा धडपणे वाचलं, लेख लिहून दोन वर्षं झाल्यावर. आपल्याकडे या प्लायसाठी भारतीय मानक आहे, क्रमांक ७१०. त्यातली सगळ्यांना माहीत असलेली चाचणी म्हणजे प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवायचा. एवढं ऐकलं की कुणालाही वाटणार, तीन दिवस उकळून ज्याला काही झालं नाही त्याला पुराचं पाणी काय करणार? मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या उकळण्यात परीक्षा असते डिंकाची. तुकडा बाहेर काढला की सुरी घालून थर जबरदस्तीने उचकटतात आणि पाहतात, सुटलं काय? डिंकाचा जोड सुटला तर नापास. जोड टिकून लाकडाचे तंतू फाटले तर पास. सुतारकाकांनी अंगणात दगडावर पटाशीने केलं ते नेमकं हेच. मामाचा प्लाय त्या परीक्षेत पास झाला होता, आणि फुगलाही होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे माझ्या वाक्यात कुठेच नव्हतं.

लाकूड पाणी पितंच. डिंक कितीही चांगला असला तरी लाकडाची तहान तो बंद करत नाही. प्लाय तयार करताना ओंडका पेन्सिल सोलल्यासारखा फिरवत त्याचे पातळ पापुद्रे काढतात, एकाची नस उभी तर दुसऱ्याची आडवी असे ते रचतात आणि गरम दाबाखाली चिकटवतात. लाकूड फुगतं ते नसेच्या आडव्या दिशेला. नसेच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही. म्हणून प्लायमध्ये प्रत्येक थर शेजारच्या थराला धरून ठेवतो आणि लांबी-रुंदीत फळी फारशी हलत नाही. जाडीच्या दिशेला मात्र धरून ठेवणारं कुणी नसतं. भिजलेला प्लाय कडेला जाड होतो आणि पल्ला अडकतो तो यामुळे. मरीन प्लायवर वाळवी आणि कुजण्याविरुद्ध औषधाची प्रक्रिया करावी लागते, त्यामुळे तो इतरांपेक्षा टिकतो, हेही खरं. पण ओला ठेवून, पल्ले बंद करून, वर तांदूळ भरून ठेवण्यासाठी तो केलेला नाही.

आणि दुकानात ज्याला बीडब्ल्यूआर आणि एमआर म्हणतात ते दोन प्रकार वेगळ्या मानकात येतात, क्रमांक ३०३. पहिल्याचा डिंक उकळत्या पाण्याला पुरतो, पण ७२ तासांची परीक्षा त्याला नाही. दुसरा, एमआर, नुसता दमट हवेला पुरणारा. त्याच्या जोडाची परीक्षा उकळत्या पाण्यात होतच नाही, ६० अंशांच्या पाण्यात होते. कोकणात ओट्याखाली एमआर लावणं चूकच. माझ्या लेखात मी एमआरला "ओलावारोधक, स्वयंपाकघरासाठी उत्तम पर्याय" असं म्हटलं होतं. शब्दाचा अर्थ लावला, वस्तूचा लावला नाही.

लोक विचारतात, मग तू ते लिहिलंस कुठून? शब्दाला चाळीस पैसे मिळायचे. आठवड्याला पाच लेख. विषय वरून यायचे, शीर्षकासकट. मी काय करायचे, तर त्याच विषयावरचे चार-पाच लेख उघडायचे, दोन हिंदी, दोन इंग्रजी, एखादा मराठी, आणि त्यातलं सगळ्यांत सारखं असेल ते घ्यायचे. मला वाटायचं, पाच ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली असेल तर ती खरीच असणार. त्या पाचही जणांनी तेच केलेलं असेल, एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं असेल आणि मुळात प्लायला हात लावलेला माणूस त्या साखळीत एकही नसेल, ही शंका मला कधी आली नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पैशांची गरज होती, घरात बाळ होतं, रात्री बाराला लेख पाठवायचे. पण सुतारकाकांना एक फोन करायला पाच मिनिटंही लागली नसती.

इंग्रजी लेखांमधून तर परक्या मुलखाची मापं आणि पद्धती जशाच्या तशा यायच्या. अमेरिकेत प्लायला ए, बी, सी, डी अशी अक्षरं लावतात ती दोन्ही बाजूंच्या पापुद्र्यांच्या प्रतीची. मी लिहून मोकळी झाले, "बाजारात ए ग्रेड प्लाय मागावा." आपल्याकडे अक्षरं आहेत, पण एए, एबी, बीबी अशी, आणि तीही पृष्ठभागासाठी, पाण्याशी त्यांचा संबंध नाही. तो लेख घेऊन एखादा माणूस पुण्याच्या टिंबर मार्केटात गेला असेल आणि "ए ग्रेड द्या" म्हणाला असेल, तर त्याच्यासमोर काय ठेवलं गेलं असेल, याचा विचार मी आता करते.

नंतर त्या साइटने भाषांतराचं यंत्र आणलं. आम्ही फक्त "नजर टाकायची". त्यात एकदा लाकडाच्या नसेचं "धान्य" होऊन आलं होतं, कारण इंग्रजीत दोन्हीला "ग्रेन"च म्हणतात. "फळी कापताना चेहऱ्याचे धान्य लांबीच्या दिशेने ठेवावे." मी ते वाचलं, काही कळलं नाही, आणि वाक्य काढून टाकलं. वास्तविक त्या लेखातलं सगळ्यांत कामाचं वाक्य तेच होतं. पुस्तकांची फळी कापताना वरच्या थराची नस लांबीकडे ठेवली तर ती वजन पेलते, आडवी कापली तर लवकर मधे झुकते. ज्याला फळी कापायची होती त्याच्यापर्यंत हे पोचलं नाही, कारण मधे बसलेल्या मला नस म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

ब्रासचंही तसंच. वाळू आणि खडी ब्रासने येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा आणि फरशीचं कामसुद्धा ब्रासने मोजतात, तिथे तो १०० चौरस फूट. गवंड्याला यात कधी गोंधळ होत नाही, त्याच्यासमोर ढीग तरी असतो किंवा भिंत तरी. यंत्राने त्याचं "पितळ" केलं होतं, ते मी दुरुस्त केलं. पण कंसात "१०० चौरस फूट" असं आलं होतं ते वाळूच्या पुढे तसंच राहू दिलं. वाळूचा हिशेब चौरस फुटात कसा होईल, हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. मला रात्री बाराला कळलं नाही.

या सगळ्यांत मला झोप लागू देत नाही ते मात्र पाणी मारण्याबद्दलचं. स्लॅब, कॉलम, गिलावा, सगळ्याला पाणी मारत राहावं लागतं, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. पाणी तुटलं की ती क्रिया थांबते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, ४५६ मध्ये, साध्या पोर्टलंड सिमेंटला निदान ७ दिवस सांगितलेत आणि फ्लायअ‍ॅशसारखं, म्हणजे कोळशाच्या राखेसारखं काही मिसळलेलं असेल तर निदान १०. आज घरबांधणीला येणारं पुष्कळसं सिमेंट मिसळलेलंच असतं, गोणीवर पीपीसी लिहिलेलं असतं. मी "३ दिवस पुरेसे" असं लिहिलं होतं. कुठून घेतलं तेही आठवत नाही.

त्या लेखाखाली मस्कतमधल्या एका वाचकाने आभार मानले होते. खेडजवळ गावी त्यांचं घर चाललं होतं, म्हातारे आईवडील लक्ष ठेवून होते, आणि हे तिकडून रोज फोटो मागवून सूचना द्यायचे. त्यांनी लिहिलं होतं, "गवंडी दहा दिवस पाणी मारायचं म्हणून अडून बसला होता. त्याला आपला लेख पाठवला. आता ऐकतो." तेव्हा मी त्यांना नमस्काराची खूण पाठवली. तो गवंडी बरोबर होता. त्याच्याकडे अनुभव होता, माझ्याकडे छापल्यासारखं दिसणारं पान होतं, आणि पैसे देणाऱ्या माणसाने पानावर विश्वास ठेवला. त्या घराचा स्लॅब कसा आहे, मला माहीत नाही. चिपळूणहून आल्यावर मी त्यांना शोधून निरोप पाठवला, की ते चुकीचं होतं, पुढच्या कामाला दहा दिवस मारा, गवंड्याचं ऐका. उत्तर आलं नाही.

ज्यांच्याजवळ विचारायला माणूस असतो ते असले लेख फारसे वाचत नाहीत. सुताराचा मुलगा प्लाय कसा निवडावा हे शोधत बसणार नाही. शोधतात ते लांब राहणारे, एकट्याने घर बांधणारी बाई, निवृत्तीच्या पैशांतून आयुष्यात एकदाच स्वयंपाकघर करून घेणारा माझ्या मामासारखा माणूस. दुकानदार फसवेल, मिस्त्री फसवेल या भीतीने ते लिहिलेल्या शब्दाकडे येतात. त्यांना वाटतं, लिहिणाऱ्याला यात काही मिळवायचं नाही, तो खरं सांगेल. आणि समोर मी होते.

वेबसाइटला मी सात लेखांच्या दुरुस्त्या पाठवल्या. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि वर्षभरात साइटच बंद झाली. मला वाटलं, सुटले. मग एके दिवशी सहज शोधलं तर माझं "पाण्यात बुडाला तरी" वाक्य दुसऱ्या दोन ठिकाणी जसंच्या तसं सापडलं, आणि तिसऱ्या ठिकाणी "शंभर टक्के"च्या जागी "पूर्णतः" घालून. एकाने त्याखाली "तज्ज्ञांच्या मते" जोडलं होतं. ते तज्ज्ञ म्हणजे मी. आता तर माणसाच्या ऐवजी यंत्रं अख्खे लेख लिहितात, आणि ती असल्याच पानांवरून शिकतात. ते वाक्य मी परत बोलावू शकत नाही. त्याच्या शेजारी खरं वाक्य ठेवू शकते, तेवढंच हातात आहे, म्हणून हा खटाटोप.

मामाने त्याच पावसाळ्यानंतर ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करून घेतले. प्लाय फक्त पल्ल्यांना, तोही बीडब्ल्यूआर, चारही कडांना पट्टी आणि पट्टीखाली रंगाचे दोन हात. बिजागऱ्या अशा बसवल्या की पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला तर पल्ले पाच मिनिटांत उतरवून माळ्यावर टाकता येतील. सुतारकाकांची कल्पना. कडेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मामाने दिले तरी घेतले नाहीत.

फोडलेल्या फळीचा एक तुकडा मी मागून आणला. माझ्या लिहायच्या टेबलावर असतो. वीतभर लांब, एका बाजूने उचकटलेला, मधे चिखलाची ती रेघ. गेल्या महिन्यात प्लायवर नवा लेख लिहिला, कुणी सांगितलेला नव्हता, पैसेही मिळणार नव्हते. सुतारकाकांना मोबाइलवर बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी सकाळी फोन लावून त्यांना वाचून दाखवत होते. शिक्क्याबद्दल लिहिलं होतं, की फळीवर आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल म्हणून परवान्याचा आकडा असतो, आणि तो आकडा बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपवर घालून ताडून बघता येतो. त्यावर ते "हां, हे बरं केलंस" म्हणाले. पुढे गेले. "ओट्याखाली चांगल्या प्रतीचा प्लाय वापरावा," एवढं वाचलं आणि त्यांनी थांबवलं.

"चांगला म्हणजे कुठला? तेच विचारायला आलाय ना तो माणूस तुझ्याकडे?"

मी वाक्य खोडलं. मग त्यांना विचारलं, "काका, दुकानात गेल्यावर तुम्ही स्वतः पहिल्यांदा काय बघता?"

"कड," ते म्हणाले. "वरचं तोंड बघून काही कळत नाही, त्याला लाल रंग लावून आणतात आणि लोक म्हणतात गर्जनचं लाकूड आहे. मी फळी उभी करायला सांगतो. चारही बाजूंनी फिरतो. मधल्या थरात फट दिसते का, थर एकावर एक चढलाय का, ते बघतो. मग चारही कोपऱ्यांत जाडी मोजतो, १९ मिलिमीटर सांगितलेली कुठे १७ भरते का. मग ठोकतो. ठोकताना कान फळीला लावायचा, आणि…"

"थांबा काका," मी म्हटलं, "हळू सांगा, लिहून घेतेय."